गुग्गुळाच्या निमित्तानं

ग्वाल्हेरहून उत्तरेला निघालं की तासाभरात मुरैना लागतं, आणि मुरैन्याच्या पुढं चंबळेची बेहडं सुरू होतात. पावसानं कापून काढलेल्या त्या मातीच्या घळींत एक खुरटं, वाकडंतिकडं, काटेरी झुडूप उगवतं. वर्षातले कित्येक महिने त्याच्यावर पान नसतं. साल जुन्या पोथीच्या पानांसारखी पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत असते आणि तिच्याखाली हिरवट खोड दिसतं. या खोडाला हिवाळ्यानंतर चीर दिली, की चिकट पिवळसर रस झिरपतो आणि हवेवर वाळून त्याचे खडे होतात. तो गुग्गुळ. ग्वाल्हेरच्या आमच्या पाटणकर बाजारातल्या मराठी घरांमध्ये तो मुख्यतः दोन कामांसाठी येई, देवापुढच्या धुपासाठी आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीसाठी. पोटात घ्यायचा गुग्गुळ वेगळा. तो वैद्यांकडून योगराज गुग्गुळाच्या काळ्या गोळ्यांच्या रूपानं यायचा, आणि सांधे धरलेली वडीलधारी माणसं तो कोमट पाण्याबरोबर घेत.

वनस्पतींतल्या औषधी द्रव्यांच्या रसायनशास्त्रावरचं हे पुस्तक मी गुग्गुळापासून सुरू करते, त्याला कारण आहे. अशा पुस्तकांच्या प्रस्तावना बहुधा विजयाच्या कथा सांगतात. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन निघालं, विलोच्या सालीवरून ॲस्पिरिनपर्यंत पोचलो, आणि मग आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं, असा समारोप. मी अनेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी माझ्या लक्षात येई, की अशा कथांनी मुलं खूश होतात पण काही शिकत नाहीत. गुग्गुळाची कथा अर्ध्यावर आहे. तिच्यात काही धागे पक्के बसले, काही तुटले, आणि ते नेमके कुठं तुटले हे दाखवता येतं.

विजयाच्या कथा हव्याच असतील तर त्याही आमच्या दारात आहेत. मंदसौर हा जुन्या शिंदे संस्थानचा मुलूख, आणि माळव्याची अफू ही एके काळी त्या मुलखाची लक्ष्मी. आजही मंदसौर-नीमच भागात परवाना घेऊन अफू पिकते, आणि तो परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय इथं, ग्वाल्हेरातच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खसखशीच्या हिरव्या बोंडांना दुपारी उभ्या चिरा देतात. रात्रभर पांढरा चीक बाहेर येतो, हवा लागून तांबूस होतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. एका जर्मन औषधविक्याच्या हाताखालच्या झेर्ट्युर्नर या तरुणानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच चिकातून मॉर्फिन वेगळं केलं. वनस्पतीतून शुद्ध स्वरूपात हाती आलेलं ते पहिलं अल्कलॉइड. त्याची रचना कशी आहे हे रॉबर्ट रॉबिन्सननं 1925 मध्ये मांडलं आणि 1952 मध्ये मार्शल गेट्सनं ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. तरी आज जगातलं वैद्यकीय मॉर्फिन शेतातूनच येतं, कारण इतक्या गुंतागुंतीची घडण माणसापेक्षा ते झाड कितीतरी स्वस्तात करतं. रेणू समजला म्हणजे झाडाची गरज संपली, असं होत नाही. विद्यार्थ्यांच्या हे लवकर गळी उतरत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दुसरी कथा नंदुरबारची. मनसुख वाणी तिथं 1925 मध्ये जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. या दोघांच्या गटानं 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि 1971 मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल यांच्या रचना प्रसिद्ध केल्या. कर्करोगावरच्या औषधांत हे दोन्ही रेणू आज पायाचे दगड आहेत. यातला महाराष्ट्राला लागून असलेला धागा असा, की गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी 1972 मध्ये हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात शोधलं. त्याच्या फुलांचा वास इतका घाण, की लोक त्याला हातही लावत नसत. मग बाजारभाव कळला आणि सह्याद्रीच्या जंगलांतून नरक्या चोरून तोडला जाऊ लागला. कॅम्प्टोथेसिन स्वतः औषध म्हणून टिकलं नाही. सत्तरच्या दशकातल्या चाचण्यांत ते फार विषारी ठरलं आणि बाजूला पडलं. ते पेशींतल्या एका विशिष्ट विकराला अडवतं हे 1985 मध्ये उलगडलं, त्यावरून सुधारित रेणू घडवले गेले, आणि 1996 मध्ये टोपोटेकान व इरिनोटेकान ही त्याची दोन अपत्यं अमेरिकेत मंजूर झाली. रचना कळण्यापासून मंजूर औषध रुग्णाला टोचेपर्यंत मध्ये तीस वर्षं.

आता गुग्गुळ.

गुग्गुळाचा खडा पाण्यात टाका. थोडा भाग विरघळून पाणी दुधाळ होतं, बाकीचा तळाशी चिकटून राहतो. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही, आणि गुग्गुळात दोन्ही आहेत. शिवाय थोडं सुगंधी तेल, त्यानंच धुराला वास येतो. जुन्या वैद्यांनी गुग्गुळाचं शोधन सांगितलंय. फडक्यात पुरचुंडी बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात, गोमूत्रात किंवा दुधात ती लोंबकळत उकळायची, मग तूप लावून खलबत्त्यात कुटायचं. यात माती, काड्या, साल मागं राहतात. रसायनशास्त्रज्ञ हेच वेगळ्या द्रावकानं करतो. इथाइल ॲसिटेट घातलं, की राळ त्यात उतरते आणि डिंक बाहेर राहतो. मग त्या अर्काचे आणखी तुकडे पाडायचे, आम्लधर्मी वेगळे, उदासीन वेगळे, उदासीनांतूनही कीटोन असलेले वेगळे, आणि प्रत्येक तुकडा प्राण्यांवर तपासून पाहायचा. गुण कोणत्या तुकड्याबरोबर जातो हे पाहत पाहत पुढं सरकायचं. वनस्पती रसायनाचं निम्मं काम एवढंच असतं. कंटाळवाणं, चिकट आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मागंपुढं झाल्या तर पुन्हा पहिल्यापासून.

पण हे काम सुरू होण्याआधी कुणाला तरी प्रश्न सुचावा लागतो. गुग्गुळाच्या बाबतीत तो बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना सुचला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातलं मेदोरोगाचं वर्णन त्यांनी वाचलं. अंगात चरबी साठते, मार्ग अवरुद्ध होतात, मग पुढचे उपद्रव. त्यांना त्यात आजच्या धमनीकाठिण्याची चाहूल दिसली. मेदोरोगावर गुग्गुळ सांगितलेला आहे, तर मग कोलेस्टेरॉल चारलेल्या सशांना गुग्गुळ देऊन काय होतं? 1966 मधला त्यांचा प्रबंध याच प्रश्नाचा. सशांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरलं. जुन्या ग्रंथाचा असा उपयोग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ग्रंथाला प्रमाण मानायचं नाही आणि थोतांडही म्हणायचं नाही. त्यातून तपासता येईल असा प्रश्न उचलायचा.

पुढचा टप्पा पुण्याचा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांनी आयुर्वेदातल्या कच्च्या औषधींच्या रसायनावर लेखमालाच सुरू केली, आणि 1972 मध्ये पाटील, नायक आणि सुख देव यांच्या नावानं तिचा पहिला लेख आला तो गुग्गुळातल्या स्टेरॉइडांवर. त्यातच ई आणि झेड गुग्गुळस्टेरॉन या दोन रेणूंची ओळख पटली. दोघांत 21 कार्बन, 28 हायड्रोजन आणि 2 ऑक्सिजन. फरक इतकाच, की शेवटच्या दुहेरी बंधावरचा मिथिल गट एकात एका बाजूला आहे आणि दुसऱ्यात दुसऱ्या. रचना पाहिली की रसायनशास्त्रज्ञाच्या भुवया उंचावतात, कारण ती ओळखीची आहे. चार कड्यांचा तोच सांगाडा कोलेस्टेरॉलमध्ये आहे, कॉर्टिसोनमध्ये आहे, आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्रीसंप्रेरकात तर गुग्गुळस्टेरॉनपेक्षा फक्त दोन हायड्रोजन जास्त आहेत. चंबळच्या बेहडातलं काटेरी झुडूप आणि माणसाचं अंडाशय जवळजवळ एकच रेणू घडवतात. पुढं गुग्गुळस्टेरॉन शरीरातल्या अनेक संप्रेरक-ग्राहकांना चिकटतं हे दिसून आलं, ते या नात्यामुळंच. हे चांगलं की वाईट, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत या सगळ्याचं औषध झालं. राळेचा प्रमाणित अर्क, त्याचं नाव गुगुलिप, आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सिप्लानं ते बाजारात आणलं. भारतातल्या अनेक केंद्रांमधल्या चाचण्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. 2002 मध्ये अमेरिकेतल्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातल्या गटानं सायन्स या नियतकालिकात दाखवलं, की गुग्गुळस्टेरॉन पित्ताम्लांच्या एफएक्सआर या ग्राहकाला अडवतं. ज्या उंदरांत हा ग्राहकच नव्हता त्यांच्या यकृतातलं कोलेस्टेरॉल गुग्गुळस्टेरॉननं उतरलं नाही. म्हणजे कारणही सापडलं. त्या वर्षी आमच्याकडं जो तो हे कात्रण घेऊन फिरत होता.

पुढच्याच वर्षी, 2003 मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीचे निष्कर्ष ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. 103 माणसं, आठ आठवडे, काहींना गुग्गुळाचा प्रमाणित अर्क, काहींना दुप्पट मात्रा, काहींना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचं एलडीएल कोलेस्टेरॉल 5 टक्के उतरलं आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचं 4 ते 5 टक्के चढलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं ते वेगळंच. नंतर नॉर्वेतल्या एका छोट्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं, पण एलडीएलमध्ये ठाम फरक नव्हता.

यावर आमच्याकडं जे वाद झाले त्यांत दोन्ही बाजूंनी तेच तेच ऐकलं. अमेरिकन आहार वेगळा, प्रकृती वेगळी, अर्क काढताना बाकीचे घटक गेले. यातलं काही खरं असूही शकतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच चाचण्यांत दिखाऊ गोळी घेणारा गट नव्हता, आणि चाचणीत नाव घातलेला माणूस घरी जाऊन तूप कमी करतो, सकाळी फिरायला जातो, एवढं तरी कबूल करायला हवं. दिखाऊ गोळीवर जे 5 टक्के उतरले ते कुणाच्या खात्यावर मांडायचे? तो गट नसता तर ते औषधाच्या खात्यावर गेले असते. रेणू शुद्ध आहे, त्याची रचना पक्की आहे, उंदरात तो कसा काम करतो हेही माहीत आहे, आणि तरीही माणसाला तो उपयोगी आहे की नाही हे मोकळंच राहतं. रसायनशास्त्र पहिल्या तीन गोष्टी देतं, चौथी देत नाही. या पुस्तकाचा सगळा हेतू हा फरक नीट कळावा एवढाच आहे.

आणि ‘नैसर्गिक विरुद्ध अ‍ॅलोपॅथिक’ असं भांडण काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गुगुलिप बाजारात आलं त्याच सुमारास, 1987 मध्ये, अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मंजुरी मिळाली. कोलेस्टेरॉलवरच्या औषधांचं चित्रच त्यानं बदलून टाकलं. हे लोव्हास्टॅटिन ॲस्परजिलस टेरियस नावाच्या बुरशीतून आलंय, आणि त्याआधी जपानच्या अकिरा एन्दोनं पेनिसिलियमच्या एका जातीतून याच कुळातलं कॉम्पॅक्टिन काढलं होतं. म्हणजे गुग्गुळाला हरवलं ते कारखान्यातल्या रसायनानं नव्हे, बुरशीनं. दोन्ही बाजू निसर्गाच्याच होत्या. एकीच्या मागं मोठ्या, दिखाऊ गोळीशी तुलना करणाऱ्या चाचण्या उभ्या राहिल्या, दुसरीच्या मागं तितक्या राहिल्या नाहीत.

मात्रेचा प्रश्न मात्र आपल्या घरांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. बाळगुटीत हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, सुंठ, हळकुंड, अतिविष, ज्येष्ठमध असे कितीतरी जिन्नस असत, पण प्रत्येकाचे सहाणेवर किती वेढे द्यायचे हे ठरलेलं असे. जायफळाचा अर्धा, अतिविषाचा एखादाच, आणि चुकून जास्त झाला तर आजी सगळी गुटी ओतून देत. वय वाढलं, की वेढे वाढत. वजन करायला काटा नव्हता तेव्हा सहाणेवरचा वेढा हेच माप होतं, आणि तेही वाईट माप नव्हतं. फक्त ते माप हळकुंड किती जुनं आहे, वेखंड कुठलं आहे, हे सांगू शकत नाही. वेखंडाचीच गोष्ट घ्या. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन भरपूर असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं गाठी आल्यामुळं अमेरिकेनं 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडाचं तेल वापरायला बंदी घातली. मी आज कुणाच्याही तान्ह्या बाळाला वेखंड उगाळून देणार नाही, आणि हे मी माझ्या माहेरच्या माणसांशी भांडून सांगते. झाडातून आलं म्हणजे निरुपद्रवी, हा समज बचनागानं कधीच मोडायला हवा होता.

मराठीत ही वाट नवी नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधि गुणादर्श’, डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ हे ग्रंथ जुन्या घरांच्या कपाटांत अजून सापडतात. मुंबईचे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचं काम इंग्रजीत झालं, पण आजही भारतीय औषधी वनस्पतींवर लिहिणारा त्यांना टाळून पुढं जात नाही. आणि डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी तर केईएम रुग्णालयात गुळवेलीसारख्या वनस्पतींना आधुनिक औषधशास्त्राच्या कसोट्या लावल्या, आणि त्याच हातानं मराठीत झाडांवर सुंदर पुस्तकं लिहिली. मी त्यांच्या पंक्तीला बसायला निघालेली नाही. त्यांच्या पुस्तकांत वनस्पती आणि रुग्ण आहेत, मधला रेणू थोडा आहे. ती जागा भरावी, एवढंच.

मधल्या रेणूचा सर्वांत रोकडा उपयोग मला वर्गात कळला. मुलांना मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वेगवेगळ्या पंसाऱ्यांकडून गुग्गुळ आणायला सांगे. प्रत्येक नमुन्याचा चिमूटभर चुरा इथाइल ॲसिटेटमध्ये ढवळायचा, गाळायचा, आणि काचेच्या नळीच्या टोकानं त्याचा एकेक ठिपका सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर ठेवायचा. शेजारी शुद्ध गुग्गुळस्टेरॉनचा ठिपका. पट्टी टोल्युइन आणि इथाइल ॲसिटेटच्या मिश्रणात उभी केली, की द्रावक वर चढतो आणि प्रत्येक घटकाला आपापल्या वेगानं ओढत नेतो. पट्टी वाळवून अतिनील दिव्याखाली धरली, की गुग्गुळस्टेरॉन असेल तिथं हिरव्या उजेडात काळा डाग दिसतो. काही नमुन्यांत तो ठसठशीत असे, काहींत पुसट, आणि काहींत अजिबात नसे. ज्यांत नसे तो बहुतेक वेळा साळईचा डिंक निघे. साळई श्योपूर-शिवपुरीच्या जंगलांत भरपूर आहे, सहरिया लोक तिचा डिंक गोळा करतात, आणि बाजारात त्यालाही ‘सलई गुग्गुळ’ म्हणतात. जाळला तर वास छान. पण साळईत गुग्गुळस्टेरॉन नाही, बॉस्वेलिक आम्लं आहेत, तीस कार्बनांची आणि पाच कड्यांची, आणि त्यांचा गुण सूज कमी करण्याशी जोडला जातो, कोलेस्टेरॉलशी नाही. वाईट वस्तू नव्हे, दुसरी वस्तू. धुपाला फरक पडत नाही, गोळीला पडतो. नाक आणि डोळे या दोघांत फसतात, पट्टी फसत नाही.

आणि मूळ गुग्गुळ बाजारात कमी का येतो, त्याचं उत्तर पुन्हा बेहडात आहे. झुडूप चीर देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. जास्त रस काढण्यासाठी लोक खोल चिरा देतात, त्यात रसायनं भरतात, आणि रस भरपूर येतो पण झुडूप मरतं. शिवाय चंबळच्या घळी सपाट करून शेतं होतायत. गुग्गुळाच्या झाडाला 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघानं अतिसंकटग्रस्त ठरवलं. मुरैन्यात काही मंडळी गावकऱ्यांना उथळ चिरा द्यायला शिकवतायत आणि फांद्यांच्या कलमांपासून रोपं करून बेहडात परत लावतायत. कलमं सहज जगतात, त्यातलं अवघड काम दहा वर्षं थांबणं हेच आहे. प्रयोगशाळांत ऊतिसंवर्धनानं गुग्गुळस्टेरॉन मिळवायचे प्रयत्न चालू आहेत, पण सुट्या पेशींमध्ये ते अगदी जेमतेम बनतं.

पुढच्या प्रकरणांत अफू, नरक्या, सर्पगंधा, हळद, कडुनिंब यांच्या कथा याच क्रमानं येतील: आधी झाड, मग त्यातला रेणू, मग प्राण्यांवरचे प्रयोग, मग माणसांवरच्या चाचण्या, आणि शेवटी झाडाची आजची अवस्था. ज्यांना रेणूंच्या आकृत्या वाचायची सवय नाही त्यांनी दुसरं प्रकरण आधी वाचावं. ते मी शेजारच्या घरातल्या, विज्ञान न शिकलेल्या पण चिकित्सक काकूंना समोर बसवून लिहिलंय, आणि त्यांनी जिथं जिथं थांबवलं तिथं तिथं पुन्हा लिहिलंय. ज्यांना गुग्गुळावरच आणखी वाचायचंय त्यांनी थेट सातव्या प्रकरणाकडं जावं. चाचण्यांचे आकडे तिथं तक्त्यांत दिलेत, आपल्या बाजूचेही आणि विरुद्ध बाजूचेही.

पाटणकर बाजार, लष्कर, ग्वाल्हेर